शालनकाकूंचा खिरीचा डबा

शालनकाकूंच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकचे त्रेसष्ट डबे होते. एकोणीस आइस्क्रीमचे, चौदा श्रीखंडाचे, अकरा हॉटेलच्या पार्सलचे काळे आणि सात मिठाईच्या दुकानातले. उरलेले बारा कुठून आले ते काकूंनाही सांगता आलं नाही. झाकणं अठ्ठेचाळीस होती. त्यांतली एकतीस कुठल्या ना कुठल्या डब्याला बसत होती.

"झालं मोजून?" काकू म्हणाल्या. "आता चमचेही मोज. नाहीतर रुसतील."

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत काकू दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि आम्ही पहिल्या. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला डॉ. शेफाली मॅडमच्या प्रयोगशाळेत काम मिळालं होतं आणि तिथे मी माझा स्वतःचा पहिला प्रश्न मांडला होता. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही रसायनं घालतात. गरम आणि तेलकट अन्नात ती थोडी थोडी उतरतात. मोठ्या माणसांच्या शरीरात आतल्या आत जो दाह धुमसत असतो, त्याच्याशी या रसायनांचा संबंध असावा असं काही अभ्यासांत दिसतं. काहींत दिसत नाही. मला ते तपासायचं होतं.

मॅडमनी आधी छोटी चाचणी करायला सांगितली. सहा माणसांनी दहा दिवस प्लास्टिकला लागलेलं अन्न शक्य तितकं टाळायचं. त्याआधी आणि त्यानंतर लघवी, रक्त आणि वजन तपासायचं.

"सहाही जणांच्या लघवीतलं रसायन निम्म्याच्या खाली आलं, तर आपण मोठा अभ्यास करू," मॅडम म्हणाल्या. "एकाचं जरी आलं नाही, तर घरोघरी हे जमत नाही असं समजायचं आणि तुझा प्रश्न कपाटात."

सहा माणसं मला इमारतीतच मिळाली. आईला घेता येत नव्हतं, कारण ती माझी आई. अडचण होती ती काकूंची. सुदर्शनकाका गेल्यापासून त्या एकट्या असतात, पण आठ माणसांपेक्षा कमी स्वयंपाक त्यांच्या हातून होत नाही. त्यामुळे रोज प्रत्येक घरात त्यांचं काहीतरी येतं, उकळतं, आइस्क्रीमच्या डब्यातून. काकू बदलल्या नाहीत तर बाकीच्या पाच जणांचे नमुने घेण्यात काहीच अर्थ नव्हता.

"काकू, दहा दिवस स्टीलच्या डब्यातून पाठवाल?"

"स्टील मी घराबाहेर देत नाही."

"का?"

"एकदा दिलं होतं." त्यांनी श्रीखंडाच्या डब्यावर दुसऱ्याच कुठल्यातरी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "वाटल्यास दहा दिवस कोणाला काही पाठवत नाही. मग तर झालं?"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे उत्तरेश्वरकाका पहिला नमुना द्यायला खाली आले. नमुन्यासाठी मी सगळ्यांना काचेच्या बाटल्या दिल्या होत्या.

"म्हणजे आम्ही दहा दिवस काय खायचं? हिचा शोधनिबंध?" काकांनी बाटली उजेडात धरली. "लघवीला काच आणि आमटीला आइस्क्रीमचा डबा. शास्त्राने बरीच प्रगती केली म्हणायची."

काकांचं म्हणणं खरं होतं. काकूंचं बंद झालं की निम्मी इमारत हॉटेलातून मागवणार आणि ते येणार काळ्या डब्यांतून. मी घरी आले आणि आमचंच स्टील काकूंना द्यावं म्हणून माळ्यावर चढले.

माळ्यावर नऊ डबे निघाले. नववा कडीचा होता आणि त्यावर नाव कोरलेलं होतं: सौ. शालन सुदर्शन गायकवाड, गृहप्रवेश, १९९९.

"आई, हा काकूंचा डबा आपल्याकडे कसा?"

आईने खालून पाहिलं आणि पटकन ओट्याकडे वळली. "सापडला का तो?"

"लपवला होतास?"

"लपवला कसला! वर ठेवला होता." तिने गॅस बारीक केला. "तुझ्या जन्माच्या आदल्या दिवशी आला तो. बुद्धपौर्णिमेची खीर होती. मी एकटीने सगळी संपवली आणि पहाटे पोटात दुखायला लागलं. मला वाटलं, खीर बाधली. तर तू."

"आणि डबा?"

"तुझ्यापुढे डबा कोणाला आठवतो? दोन महिन्यांनी आठवला. पण रिकामा कसा द्यायचा? म्हटलं, बारशाचे पेढे घालू, तर ते कधीच संपलेले. मग म्हटलं, दिवाळीचा फराळ. त्या वर्षी तू रात्रंदिवस रडायचीस, म्हणून फराळ विकत आणला. विकतचा त्यांना कसा द्यायचा? पुढे इतका उशीर झाला की त्या उशिराला शोभेल असं काही मला करताच येईना."

"काकूंनी मागितला नाही?"

"त्या कशा मागतील?"

दुसऱ्या दिवशी आईने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, डबा गळ्यापर्यंत भरला आणि जिना चढली. मी मागे होते. काकू चिडल्या तर माझी चाचणी तिथेच संपली असती, आणि आईचा चेहरा पाहता तीही संपण्याची शक्यता होती.

काकूंनी दार उघडलं. आधी डब्याकडे पाहिलं, मग चष्मा लावून नाव वाचलं.

"या बाई कोण?"

"शालनताई, जरा उशीर झाला," आई म्हणाली.

"छे, छे. घाई काय होती?"

काकूंनी झाकण काढलं, एक करंजी घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. आम्ही दोघी दारात.

"खीर आवडली होती का, मैना?"

"सगळी खाल्ली होती."

"ते दिसतंय. ही काय, मागे उभी आहे," काकू म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. आईही हसायला लागली. मग दोघी आत जाऊन बसल्या. काकूंनी सांगितलं, बाळंतिणीकडे डबा मागितला तर लोक काय म्हणतील, म्हणून त्या गप्प राहिल्या. त्यानंतर त्यांनी एकच नियम केला: परत यायलाच नको असाच डबा द्यायचा.

प्लास्टिकच्या त्रेसष्ट डब्यांचं कारण मला तेव्हा समजलं.

त्याच संध्याकाळी काकूंचं सगळं स्टील खाली आलं. आमटी घरोघरी कडीच्या डब्यांतून गेली. आणि तिथेच माझ्या नियोजनात एक चूक निघाली. आइस्क्रीमचा डबा कोणी परत करत नव्हतं. स्टीलचा करावा लागतो, आणि तो रिकामा परत देता येत नाही. तळमजल्यावरून आमटीच्या बदल्यात अळूवडी आली. काकूंनी त्यांच्या डब्यातून कटाची आमटी आणि दोन पुरणपोळ्या पाठवल्या. त्याला उत्तर म्हणून साबुदाण्याचे वडे आले. उत्तरेश्वरकाकांना स्वयंपाक येत नाही. त्यांनी पहिल्यांदा डाळिंब सोलून दाणे भरून पाठवले. नंतर मात्र ते ईर्ष्येला पेटले आणि त्यांनी शिरा केला. तो शिरा आहे असं त्यांनी सांगितलं, म्हणून मीही तसंच म्हणते.

"काका, मीठ घातलंत?" काकूंनी जिन्यातून विचारलं.

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट?"

जिन्यात दिवसभर कड्यांचा आवाज यायचा. कोणाचा डबा कोणाकडे आहे हे नावावरून कळत होतं, त्यामुळे टाळाटाळ करायला जागाच नव्हती. मी फक्त एवढंच पाहत होते की मध्ये कुठे प्लास्टिक येत नाही ना. दूध पिशवीतूनच येत होतं आणि तेलही. ते मी नोंदवलं. दहाव्या दिवशी सहाही जणांनी काचेच्या बाटल्या आणून दिल्या. उत्तरेश्वरकाकांनी बाटलीबरोबर शिऱ्याचा एक डबाही आणला. तो प्रयोगशाळेत पाठवायचा नाही, हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं. रक्त काढायला आलेल्या बाईंना काकूंनी चहा आणि करंजी दिली. मी सगळ्यांना पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं. काट्यावर काका पोट आत ओढून उभे राहिले.

तीन आठवड्यांनी निकाल आले. लघवीतलं रसायन, सहा जणांची सरासरी: आधी दर मिलिलिटरला ४२ नॅनोग्रॅम, नंतर १३. सहाही जण निम्म्याच्या खाली. रक्तातला दाह दाखवणारं प्रथिन, सीआरपी: आधी ३.४, नंतर ३.३. वजन: दर माणशी सरासरी ९०० ग्रॅम वाढ.