आधी नाक, मग चावी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा माणूस चांगला, पण त्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शंभरदा बजावलं, "जावईबापू, पेट्रोलची बोट आहे, सायकल नव्हे. टाकी भरली की इंजिनाच्या खणातली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं लावायचा. मग झाकण उघडून आत नाक घालायचं. वास नसेल तरच चावी. आधी नाक, मग चावी!" एव्हाना पोपटसुद्धा शिकला असता.

रविवारी सकाळी मी धक्क्यावर एका गिऱ्हाइकाचा पंप खोलून बसलो होतो. बहीण, जावईबापू आणि भाची बोटीची टाकी भरून शेजारी येऊन थांबले होते, आता फिरायला निघणार होते. भाची बापाच्या मांडीवर, बोटं चावीवर.

"मामा, आज मी सुरू करणार!"

तेवढ्यात वाऱ्याबरोबर पेट्रोलचा भपकारा आला.

"हात काढ!" मी ओरडलो. पाना तिथंच टाकला आणि धावलो. "उतरा सगळे! आधी पोरीला घ्या. कशालाही हात लावू नका!"

पोरगी घाबरून रडायला लागली. बहिणीनं तिला घट्ट धरलं. जावईबापू धक्क्यावर उतरून म्हणतात कसे, "अहो दादा, ब्लोअर लावला होता की. घड्याळ बघून, चार मिनिटं."

"आणि नाक?"

"ब्लोअर चालला म्हटल्यावर..."

माझं टाळकंच सरकलं. "नाक काय फक्त चष्मा ठेवायला दिलंय देवानं? एक ठिणगी उडाली असती तर पोरीचं काय उरलं असतं? तुम्हाला बहीण देण्याआधीच आम्ही नीट नाक घालून बघायला हवं होतं!"

धक्क्यावरचे चार जण हसले. जावईबापूंनी मान खाली घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी झाकण उघडलं. टाकीच्या नळीचा जोड पाझरत होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, म्हणून ब्लोअरच्या पाइपाचं तोंड खाली तळाजवळ असावं लागतं. इथं तो पाइप वर, झाकणालगत बांधून ठेवलेला. चार मिनिटं ब्लोअरनं वरची चांगली हवा बाहेर फेकली, आणि वाफ होती तिथंच राहिली.

'कुठल्या गाढवानं बांधला हा?' जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात ती चिंधी दिसली. निळी, बारीक चौकड्यांची.

दोन महिन्यांपूर्वी ह्याच बोटीतला पाणी उपसायचा पंप बदलताना पाइप आड येत होता. मी तो वर बांधला, आणि काम झाल्यावर सोडायला विसरलो. सगळे प्लॅस्टिकचे पट्टे वापरतात. मला मेल्याला जुन्या शर्टाच्या चिंध्याच लागतात.

बहीण मागून वाकून बघत होती. "दादा, मी दिलेला शर्ट ना हा?"

स्वतःचाच संताप आला. भाचीकडे बघायची हिंमत होईना. वळलो आणि जावईबापूंना ज्या आवाजात झापलं होतं त्याच आवाजात धक्क्यावर ओरडलो, "चूक माझी आहे! पाइप मी बांधला होता! आता हसा की!"

कुणी हसलं नाही. जावईबापूंनी पोरीला उचललं आणि दूर नेलं.

मी खणात वाकून चिंधी सोडायला लागलो. गाठ पक्की मारली होती, सुटेना. शेवटी कापावी लागली.