कातड्यासकट

"कातडं काढ, माय. पाया पडतो तुझ्या, तेवढं कातडं सोलून टाक."

माझा थोरला, सुग्रीव, चुलीपुढं उभा राहून हे बोलला. माझ्या हातात सुरी होती आणि पुढ्यात परातभर डुकराचं मटण. मला आधी वाटलं, पोराला ऊन लागलं.

"बकरं सोलतात. डुक्कर कुणी सोलतंय का? कुठं शिकलास?"

"अमरसिंहदादा जेवायला येणार हाय. आत्ता फोन आला. मी सांगून बसलो, बकरं कापलंय म्हणून."

अमरसिंहदादा म्हणजे तालुक्यातले पक्षाचे मोठे माणूस. यंदा माजलगावच्या पालिकेला आमच्या वॉर्डातून कोण उभा राहणार, ते त्यांच्या हातात. सुग्रीव खडीच्या मशीनचा मालक झाला, चार माणसांत ऊठबस वाढली, तेव्हापासून त्याला हे तिकीट पाहिजे होतं. आणि दादांना कार्यकर्त्याच्या घरी पंगतीत बसून फोटो काढायचा होता.

"बकरं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? डुक्कर म्हणलो असतो तर आला असता का तो?"

"कोंबडी आण मग त्याला."

"पंगतीत बसणार हाय, माय. समद्यांच्या ताटात एक आन त्याच्या ताटात एक, फोटोत कसं दिसंल? कातडं काढलं, मसाला जरा दाबून टाकला, की बकऱ्याचंच वाटतंय. कुणाच्या बापाला कळत न्हाई."

माझी सून मंगल, सुग्रीवची बायको, भाकरी थापत होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, मी दोडके चिरू का? दोडक्याची भाजी टाकते बाजूला."

"तू गप बस," सुग्रीव तिच्यावर ओरडला.

"तू गप बस," मी त्याच्यावर ओरडले. "चीर गं तू दोडके."

आम्ही वडार. दगड फोडणारी माणसं. माझा नवरा, तात्याबा, धरणाच्या कामावर घण मारायचा. भिंतीला लावलेल्या दगडांत त्यानं फोडलेले दगड किती, ते त्यालाच माहीत. ते पाणी सगळा तालुका पितो, उसाला देतो. दगड कुणाच्या हातचा, हे पाणी पिताना कुणी विचारत नाही.

दसऱ्यानंतरची एकादशी सरली, की दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हे जेवण असतं. दीर, पुतणे, लेकी, जावई, सगळे येतात. पहाटेच दीर सिदू डुक्कर कापतो आणि उसाच्या पाचटावर भाजतो. केस जळले पाहिजेत, कातडं जळता कामा नये. मग खरवडायचं, हळद चोळायची, गरम पाण्यानं धुवायचं, की पिवळंधमक होतं. तेलाचा थेंब घालायचा नाही. चरबीच पातेल्यात आधी सुटते, तिच्यात लसूण, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला. जाळ मंद ठेवायचा. घाई केली की कातडं चामडं होतं, आणि जास्त शिजवलं की गिळगिळीत. दाताखाली आलं की आधी कुरकुरून मग विरघळलं पाहिजे. हे मला जमतं. तीन सुनांना शिकवलं, मंगललाच काय ते थोडं आलं. तात्याबा शेवटच्या आजारात काही खात नव्हता, तरी कातड्याची फोड चोखायचा. आणि हा त्याचाच लेक म्हणतोय, सोल.

मी सुरी खाली ठेवली. "हे बघ, सुग्रीव. माणसाला न सांगता त्याच्या पोटात काय घालायचं, असलं काम मी केलं न्हाई. आन सोललेलं डुक्कर माझ्या चुलीवर शिजायचं न्हाई. तुला लाज वाटती तर तसं बोल, सरळ."

"लाजायचा प्रश्न न्हाई, माय."

"मग कशाचा हाय?"

तो बाहेर जाऊन पाट मांडायला लागला. मी फोडी कातड्यासकट पातेल्यात सोडल्या.

जीप आली तेव्हा रस्सा उकळत होता. दादा पायरी चढतानाच म्हणाले, "मावशी, बकऱ्याचा काय झकास वास सुटलाय!" मागं एक पोरगा मोबाइल वर धरून चालत होता. सुग्रीव हार घेऊन उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला.

मी पदर खोचून उंबऱ्यात आले.

"बकरं न्हाई, दादा. डुक्कर हाय. आमचं दसऱ्याचं जेवण हेच असतंय. पोरगं भिऊन तुमाला खोटं बोललं. तुमाला चालत असंल तर पाट मांडलाय. न चालंल तर दोडक्याची भाजी हाय, गरम भाकरी हाय. पण चूल एकच हाय."

पोरग्यानं मोबाइल खाली घेतला.

दादांनी छातीला हात लावला. "अहो मावशी, मला तर आज उपासच हाय. ध्यानातच न्हाई राहिलं."

"घट उठले, एकादशी बी काल झाली, दादा. ह्यो कोणता उपास म्हणायचा?"

सिदू फिसकन हसला. दादाही हसले, पण कान लाल झाले. मग ते आवाज उतरवून बोलले, आणि ते खरं बोलले, हे मी नाकारत नाही.

"मावशी, तुमच्यापासून काय लपवायचं? फोटो गावभर फिरणार. अमरसिंह डुकराच्या पंगतीत बसला म्हणून लोक बोंब मारतील. मला मतं मागायचीत."

"आमची मतं घेता, तेव्हा त्यांना वास येत न्हाई का?"

दादांनी हात जोडले, मीही जोडले. मग सुग्रीवच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "चल, बस गाडीत. आपल्या पक्षाच्या विठ्ठलरावाकडं जेवू, तिथंच तुझ्या तिकिटाचं बोलून टाकू."

सुग्रीव त्यांच्याबरोबर निघाला. त्यानं जीपच्या दाराला हात घातलेला मी पाहिला. मी हाक मारली असती, तर तो आला असता. म्हणूनच मी मारली नाही. आईनं बोलावलं म्हणून बसलेल्या माणसाला मला जेवायला वाढायचं नव्हतं.

मी आत वळले. "बसा रे, काय बघत बसलाय? निवायला लागलं समदं."

पंगत बसली. मी वाढत गेले. मंगलचे डोळे दाराकडं होते, तिनं सिदूच्या ताटात भाकरीवर भाकरी ठेवली.

"पोरी, मी एकटाच हाय," सिदू म्हणाला, तेव्हा ती भानावर आली.

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मग लांब गेल्याचा. मी वर पाहिलं नाही. पळी पातेल्यात घातली, एवढंच.

कुणीतरी रिकाम्या पाटावर बसलं. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, फोटोसाठी घेतलेला. सुग्रीवनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"वाढ," म्हणाला.

मी वाढलं. तो खाली मान घालून जेवला. रस्सा छातीवर सांडला, तो त्यानं पुसला नाही. दुसऱ्यांदा वाढायला गेले तर नको म्हणाला नाही.

तिकीट विठ्ठलरावाच्या पुतण्याला गेलं. सुग्रीव माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलला, आणि मीही त्याची समजूत काढायला गेले नाही. चुकलं असतं तर गेले असते.

मंगलनं तो सदरा सोड्यात भिजवला, दगडावर घासला, उन्हात टाकला. छातीवरचा हळदीचा पिवळा डाग राहिलाच. "आत्या, फडकं करू का ह्याचं?" ती विचारत होती, तेवढ्यात सुग्रीव आला. त्यानं सदरा दोरीवरून ओढला, तिथंच अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. चौकात दादांची प्रचाराची सभा होती.

पहिल्या रांगेत, दादांच्या समोर, डाग न झाकता बसला होता, असं सिदू सांगत आला.