सोन्याचा राखणदार

परदेशात, तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवताना सारंगने फोन टेबलावर उपडा ठेवला होता. पुण्याहून धाकट्या भावाचा, उन्मेषचा, मेसेज येऊन सहा दिवस झाले होते. 'दादा, डेहराडूनला दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळतंय. तेवढे दिवस आईला सांभाळशील? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.' आज शुक्रवार. 'आईला इथलं मानवणार नाही' असं उत्तर सारंगने लिहून ठेवलं होतं, पाठवलं तेवढं नव्हतं. चालढकल करण्यात हा गृहस्थ पहिल्यापासून तरबेज.

समोर ऑफिसातली नोरा होती, आयर्लंडची. बोलता बोलता गुप्तधनाचा विषय निघाला.

"आमच्याकडे धनावर नाग बसतो," सारंग म्हणाला.

"आमच्याकडे माणूस," नोरा म्हणाली. तिच्या गावाबाहेर एका काटेरी झाडाखाली सोनं पुरलंय म्हणे. पुरणाऱ्यांच्या म्होरक्याने विचारलं, मागे राहून राखण कोण करील? सगळ्यांत धाकटा पोरगा पुढे झाला, "मी राहतो." त्याला तिथल्या तिथे मारून सोन्यावरच पुरलं.

"खणायला गेलं की खालून आवाज येतो, 'माझ्या जागी कोणी आलंय का?' मग सगळे कुदळी टाकून पळतात. माझे आजोबाही पळाले होते."

"पण तो स्वतःहूनच राहिला ना?" सारंग हसत म्हणाला.

"हो. गावात सगळे असंच म्हणतात."

सारंगने हातातला घास परत ताटात ठेवला. चौदा वर्षांपूर्वी, वडिलांचं तेरावं झाल्यावर, "आता आईजवळ कोण राहणार?" हे त्यानेच विचारलं होतं. त्याच्या परदेशी निघायच्या बॅगा भरून तयार होत्या. "मी राहतो," तेवीस वर्षांचा उन्मेष म्हणाला होता. तेव्हापासून सारंग सगळ्यांना सांगत आला होता, तो स्वतःहूनच राहिला. आज त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने तिथूनच फोन लावला.

"मी सकाळीच त्यांना नाही म्हणून कळवलं," उन्मेष म्हणाला. "तुझं उत्तर आलं नाही, तेव्हाच समजलो. वाईट वाटून घेऊ नकोस." मागून आईने विचारलं, कोण रे? "दादा आहे. सहज केलाय फोन."

हे सांभाळून घेणं सारंगला सोसेना. "त्यांना परत फोन कर. तू येतोयस म्हणून सांग. आईला कुठे हलवायचं नाही. मी येतोय तिकडे, तुझ्या जागी."

मग खूप खालून आल्यासारखा उन्मेषचा आवाज आला.

"कधी?"