विल्मारच्या टोपीतला अँटेना

मी बोलतोय ते एका लोकरी टोपीच्या अस्तरातून. टोपी विल्मारची. विल्मार उरुग्वेच्या किनाऱ्यावरच्या वालिसास गावचा कोळी, आणि मी त्याच्या मुलीनं, रोसिनानं, बनवलेला अँटेना. शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. यापेक्षा लहान व्हायला सांगू नका, होता येईल तेवढा झालोय.

गेल्या हिवाळ्यात होडीचं इंजिन बंद पडून विल्मार दिवसभर भरकटला होता. तिकडे राजधानीत, मोंतेविदेओत, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रोसिनाच्या जिवाचं पाणी पाणी झालं. बाप समुद्रात कुठं आहे ते उपग्रहामार्फत कळावं म्हणून तिनं माझा थोरला भाऊ बनवला, तळहाताएवढा. विल्मारनं तो उलटसुलट करून पाहिला.

"पोरी, हा साबण गळ्यात बांधून मी मासे धरू की अंघोळ करू?"

"मग कुठं घालशील, बाबा?"

"मी टोपी घालतो. तिच्यात मावलं तर बघ."

म्हणून मला लहान व्हावं लागलं. आता अँटेना काही मनात आलं म्हणून लहान होत नाही. रेडिओच्या लाटेला बसायला ठरलेली जागा लागते. रोसिनानं माझ्या तांब्याखाली चिनी मातीसारखी भाजलेली वडी घातली. तिच्यात लाट मंदावते आणि आखूड होते. मग तांब्यात नागमोडी चिरा पाडल्या, म्हणजे विजेनं सरळ न जाता वळसे घ्यावेत. शेवटी एका कडेला पिन ठोकून मला खालच्या पत्र्याशी जोडलं, तेव्हा उरलो त्यातला निम्मा झालो. वाईट वाटलं नाही, उलट नेटकं वाटलं. फक्त आवाज बारीक झाला आणि सूर एकच उरला. तो जरा ढळला की मी मुका.

सूर लावायला रोसिना मला हातात धरून यंत्राला जोडायची, पडद्यावरची रेघ बघायची आणि पात्यानं माझी कड खरवडायची. समोर माटेचा कडू काढा, बगलेत गरम पाण्याचा थर्मास, तो अगदी मला खेटून. इथली माणसं दार उघडतील, पोर उचलतील, भांडतीलसुद्धा, पण बगलेतला थर्मास हलणार नाही.

टोपीत शिवून तिनं मला वालिसासला नेलं. विल्मार वाळूत उभा राहिला, रोसिना फोनकडे बघत राहिली. तिथल्या नकाशावर बापाचा ठिपका काही उमटला नाही.

"वाऱ्यानं उडणार नाही आता टोपी," विल्मार म्हणाला. "तेवढा फायदा झाला."

रोसिना हसली नाही. कोर्विना मासळीचा हंगाम तोंडावर आला होता आणि बाप पुन्हा लांब जाणार होता.

परत प्रयोगशाळा. यंत्रावर रेघ अगदी जागेवर. "सूर लागलाय म्हणतंय हे मेलं," रोसिना रडकुंडीला आली.

शेजारच्या टेबलावर शिमेना बसायची. ती कोलंबियाची, कॉफी पिणारी. "बाई गं, आधी तो बंब खाली ठेव," ती म्हणाली.

"कुठला बंब?"

शिमेनानं तो तिच्या बगलेतून काढूनच घेतला. रेघ लगेच भलतीकडे सरकली. इतके दिवस मी थर्मासच्या पोलादाला धरून सूर लावत होतो. रोसिनानं कपाळावर हात मारला आणि नको तेवढ्या खरवडलेल्या माझ्या कडेला तांब्याचा एक तुकडा डाग देऊन जोडला. दिसायला ओबडधोबड, पण मला फार आवडतो.

कोर्विनाच्या पहिल्या दिवशी मी पहाटेपासून बोलत होतो. ठिपका लाटांवर, ठिपका जाळ्यापाशी, ठिपका किनाऱ्यावर. संध्याकाळी तो घराच्या दारात आला आणि नाहीसा झाला. रोसिनाचा फोन आला.

"बाबा, ठिपका गेला. कुठं आहेस तू?"

"कुठं असणार? टोपी खुंटीवर, डोक्यावर पत्रा आणि कढईत मासे."

पत्र्याखालून मला आभाळ दिसत नाही, त्यामुळे बोलता येत नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी रोसिना फोनवरचा ठिपका घराच्या दाराशी येऊन विझायची वाट बघते. तो विझला की फोन बाजूला ठेवून जेवायला बसते.

मी बोलावं म्हणून त्या पोरीनं जिवाचं रान केलं. तरी मी गप्प झालो तर माझी कीव करू नका. बाप घरात आहे, एवढंच मी सांगत असतो.