वकीलबाईंची घागर आणि किशनरावांचा रुमाल

मित्रांनो, माणसानं दोन घोट प्यावेत आणि उरलेलं पेलाभर पाणी पायरीवर भिरकावून द्यावं, ही कुठली रीत? तीही दुष्काळात! लोह्याकडून आलेल्या किशनरावानं माझ्या देखत हे केलं. मी तिवईवर बसल्या बसल्या तापले.

मी कोण म्हणता? मी वकीलबाईंच्या खोलीतली जुनी तांब्याची घागर. उदगीरच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. तेवढा मार सोसला, म्हणून तर हा गोलावा आला. बाईंच्या, म्हणजे रुद्राणीच्या, लग्नात द्यायला तिच्या आईनं, दानम्मानं, मला घेतलं होतं. पण पोरगी नांदेडला जाऊन कायदा शिकली आणि लग्नाला न्हाईच म्हणाली. शेजारणींनी नाकं मुरडली. दानम्मानं मला उचललं, लेकीच्या खोलीत आणून ठेवलं आणि म्हणाली, "घे, हेच तुझं सासर. पण पाणी पाजल्याबिगर कुणाचं भांडण ऐकू नको."

तेव्हा लातूर नवा नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादच्या कोर्टाला एसटीनं हेलपाटे घालायचे संपले. बाईंच्या दारात रुसलेल्या सुना आणि फुगलेले नवरे येऊ लागले. कारकून नाही, शिपाई नाही. बाई एकट्या आणि मी. बायका मला चिंच लावून घासत, म्हणत, "काय देखणी हाय!" खोटं कशाला बोलू, होतेच मी देखणी.

मग पाऊस रुसला. प्यायलाच पाणी नाही, तिथं मला घासणार कोण? मी काळवंडले.

त्याच उन्हाळ्यात लातूरची लेक तारामती आली. सातवा महिना, पाय सुजलेले. सासरी मैलभरावरून पाणी आणायची. एक दिवस नवऱ्याला म्हणाली, "आजच्या दिस तुम्ही आणा." तो म्हणाला, "बाप्या मानसानं पाणी भरायचं?" तिनं रिकामी घागर आडात फेकली आणि माहेर गाठलं. बाईंनी बोलावणं धाडलं, म्हणून किशनराव आला होता. बाळ बापाच्या घरी वाढणार की नाही, हे आता ठरायचं होतं.

"मला फारकत पायजे," तो म्हणाला.

"मला नांदायचंय," तारामती म्हणाली. "पण पाणी ह्यांनी भरलं तरच."

"गावात काय इज्जत राहील माझी?"

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. बाई म्हणाल्या, "किशनराव, माझ्याकडं शिपाई न्हाई. घागर भरून आणा, मग बसते लिहायला. इथं तुम्हाला कोण वळखतंय?"

नाइलाजानं त्यानं मला उचललं. काठोकाठ भरलं, आणि मित्रांनो, तसंच उघड्या डोक्यावर घेतलं! चुंबळ नाही, काही नाही. पाऊलभर चालला की मी डुचमळायची.

रांगेतली सरजाबाई ओरडली, "अगं बया, पावनं चुंबळीबिगर निघालं! मान मोडंल की!"

दारात पोचला तेव्हा निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर होतं. तारामतीनं पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. मग पुढं होऊन तिनं त्याच्या खांद्यावरचा भरजरी रुमाल ओढला, पीळ घालून गोल गुंडाळला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"रुमाल हाय त्यो!" तो म्हणाला.

"आता चुंबळ हाय. जा."

तो मला घेऊन पुन्हा टँकरवर गेला. या खेपेला थेंब सांडला नाही.

"घरी बी आणाल?" तिनं विचारलं.

"आणतो. अंधारात."

"दिसाढवळ्या. चावडीम्होरून."

त्यानं मला दोन्ही हातांनी सावरलं. मान ताठ, वर मी. मग म्हणाला, "बरं बाई. चावडीम्होरून."

बाईंनी फारकतीसाठी काढलेला कोरा कागद पुन्हा खणात ठेवला.

मित्रांनो, घरातल्या घागरीला अधूनमधून चिंच लावत जा. आणि ती भरून आणणाराच्या डोक्याखाली चुंबळ आहे का, तेही बघत जा. एवढंच मागणं आहे म्हातारीचं.

मला उतरवायला किशनराव वाकला, तेव्हा माझं तोंड नेमकं त्याच्या कानाशी आलं. संधी सोडते की काय! डुबुक डुबुक करून ठणकावलं, "किशनराव, पहिली खेप सांडलीस, तरी पास केलं तुला. पण पुन्हा पायरीवर पाणी फेकलंस, तर तारामतीची फारकत मी स्वतः लावून देईन!"