हात न लावलेले तुकडे

चंपाला बंगळुरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात समुद्र तिला दिसला तो फक्त कॅलेंडरवर. वेंगुर्ल्याजवळच्या गावात वाढलेल्या बाईला मल्लेश्वरमच्या थंड हवेत सारखी सर्दी व्हायची. "बरंच आहे," ती म्हणायची, "नाहीतरी इथं वास घेण्यासारखं काय आहे?" घरमालकीण कृष्णाबाईंना हे झोंबायचं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. "स्वल्प गप्प बैस गे," त्या म्हणायच्या, "एवढी आठवण येते तर जाऊन ये की. कोण धरलंय तुला?"

कोणीच धरलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. बसनं एका रात्रीचा प्रवास. पण मध्ये एक शब्द आडवा पडला होता. चंपाचे वडील गावचे निवृत्त पोस्टमास्तर. गावभर त्यांना आप्पाजी म्हणत, म्हणून चंपाही आप्पाजीच म्हणे. त्यांनी जमवत आणलेलं लग्न मोडून ती इथल्या प्रयोगशाळेत नोकरीला निघाली, तेव्हा ओटीवर बसूनच ते म्हणाले होते, "जा. इथं तुझं आता काय काम?" आणि ही शहाणी उंबऱ्यातून म्हणाली, "बरं. काम असेल तेव्हाच येईन." खाण तशी माती. तेव्हापासून दर महिन्याला आप्पाजींचं पत्र येई. आंब्याला मोहर किती, विहिरीला पाणी किती, सगळं त्यात असे. 'ये' एवढं एकच अक्षर नसे.

शहाण्णव साली मात्र देव पावला. चंपाचे साहेब रघुनंदन सर किनाऱ्यांवर वाहून येणाऱ्या थर्माकोलच्या मागे लागले. मासळीच्या पेट्या, जाळ्यांचे तरंगे, यंत्रांची वेष्टनं, सगळं फुटून वाळूत येऊन पडतं. थर्माकोलनं झटकन पेट घेऊ नये म्हणून कारखान्यात त्यात ब्रोमीनचं रसायन घालतात. शिवाय तरंगता तरंगता तुकडा समुद्रातलं तेल नि विषही अंगाला चिकटवून घेतो. आतलं कारखान्याचं किती आणि वरचं समुद्राचं किती, हे सरांना मोजायचं होतं.

"तुमच्या वडिलांना पत्र टाका," सर म्हणाले. "नमुने चांगले आले तर पुढची पाहणी तिथंच करू. पंधरा दिवस तुम्हालाच पाठवतो."

काम! चंपानं त्याच दिवशी पत्र टाकलं. वाळूतला तुकडा चिमट्यानं उचला, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, कुठं सापडला ते लिहा. सोबत चिमटा आणि कागदाची गुंडाळीही पाठवली.

वीस दिवसांनी पार्सल आलं. एक्केचाळीस पुड्या, आणि प्रत्येकीवर पोस्टमास्तरी वळणाची चिठ्ठी: तारीख, वेळ, 'भागुबाईच्या माडाखाली', 'खाडीच्या तोंडाशी, होडीच्या उजव्या अंगाला'. सर खूश झाले. "एवढं नीटनेटकं काम आमच्या लोकांना जमत नाही. सरी, ठरलं तर, तुम्ही जायची तयारी करा."

चंपानं पहिली पुडी उघडली आणि आधी सर्दीनं चोंदलेलं नाक शिंकरून जवळ नेलं. तीन वर्षांची भूक होती ती. पण खारट, कुबट, ओळखीचं काहीच आलं नाही. वास आला तो रिठ्यांचा. तुकडा लख्ख पांढरा होता. दुसरा तसाच, तिसराही तसाच.

तिला अंगणच दिसलं. विहिरीवर उकिडवे बसलेले आप्पाजी, रिठ्यांच्या पाण्यात एकेक तुकडा घासताहेत, मग सारवलेल्या अंगणात ओळीनं वाळत घालताहेत. लेकीच्या घरी घाण वस्तू पाठवायची नसते. लेकीच्या कचेरीत तर नाहीच नाही. 'धुऊ नका' एवढंच लिहायचं ती विसरली होती, आणि ते लिहावं लागेल हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

सरांना सर्दी नव्हती, पण रिठ्यांचा वास ओळखण्याइतकं त्यांचं लक्षही नव्हतं. गप्प राहिलं असतं तर पंधरा दिवसांत ती माडाखाली उभी असती. दुपारचा डबा न उघडताच ती बसून राहिली. पण वरचं विष रिठ्यांनी धुऊन गेलं होतं, आणि उद्या कागदावर वेंगुर्ल्याचा समुद्र निर्मळ ठरला असता. तो तसा नव्हता. चार वाजता ती उठली आणि सरांना सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं केलंत, बोललात ते." आणि पाहणीसाठी कारवारचा किनारा ठरला. प्रयोगशाळेतला बसवंत तिकडचाच, तो हाताशी होता, त्यालाच पाठवायचं ठरलं. खऱ्याला मरण नाही म्हणतात. चंपाला मात्र त्या संध्याकाळी कृष्णाबाईंच्या मोरीत नळ सोडून रडावं लागलं.

आप्पाजींना तिनं दौऱ्याचं काही कळवलं नाही. एवढंच लिहिलं: 'तुकडे धुतल्यामुळे तपासता आले नाहीत. त्यांना हात लावायचा नसतो.' पत्र पेटीत पडल्यावर तिला वाटलं, फार कोरडं झालं. पण पेटीत पडलेलं पत्र परत निघत नाही, हे पोस्टमास्तरच्या मुलीला कुणी सांगायला नको.

दीड महिना उत्तर नाही. इतकं कधी झालं नव्हतं. मग एक पातळ आंतर्देशीय आलं. त्यात मोहर नव्हता, विहीर नव्हती.

'चि. चंपास आशीर्वाद. तुझ्या कामाचा माझ्यामुळे नाश झाला, वाईट वाटते. नोकरीत असताना मी कुणाच्या टपालाला हात लावला नाही, तुझ्याच लावला. या वेळी लावलेला नाही. भरतीच्या रेषेच्या वर जे तुकडे येऊन पडतात, त्यांच्या शेजारी मी काठी रोवून ठेवतो. रोज सकाळी जाऊन पाहतो. उधाणाने काही नेले. आज तेवीस काठ्या उभ्या आहेत. लोक हसतात. मला उचलता येत नाहीत व दुसऱ्या कुणाला उचलू देणार नाही. तेव्हा हे कामच आहे, म्हणून कळवले.'

चंपानं ते तीनदा वाचलं. मग रजेचा अर्ज लिहून सरांच्या टेबलावर ठेवला.

"वेंगुर्ले?" सर म्हणाले. "पण पाहणी तर कारवारला ठरली. तुमचा खर्च आम्हाला देता यायचा नाही."

"नको, सर," चंपा म्हणाली. "काम माझं आहे."