जमनीची दुसरी दौड

ही गोष्ट २००६ सालच्या फेब्रुवारीतली आहे. त्या वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज बातम्यांमध्ये होतं, आणि ते कशासाठी होतं हे तुमच्या घरातली मोठी माणसं तुम्हाला सांगतील. मी सांगणार आहे ते कोणत्याच बातमीत आलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना चौदा इंची टीव्ही आहे. बोरी अरबच्या शब्बीर मिस्त्रीने मला तीन बंद पडलेल्या टीव्हींमधून जोडलं. काच एकाची, पेटी दुसऱ्याची, आतल्या तारा तिसऱ्याच्या. शब्बीरच्या मुलीचं, नाहिदचं, लग्न ठरलं तेव्हा तांड्यावरच्या जमनीने तिच्यासाठी आरशांची आणि कवड्यांची एक चादर भरून दिली. चार महिने ती रोज संध्याकाळी टाके घालत होती. त्या चादरीच्या बदल्यात मी तिच्या घरी आलो. सोबत एक जुनी डिशही आली. शब्बीरने ती कुडाच्या घराशेजारी बांबूला बांधून दिली.

जमनी तिशीची होती. दिवसभर कापूस वेचायची. नवरा हरिसिंग कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, मुलगी सोनू चौथीत. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असे. अशाच एका दुपारी चॅनेल फिरवता फिरवता माझ्या काचेवर बर्फाचा डोंगर आला. पायाला लांब पट्ट्या बांधलेल्या बाया त्या डोंगरावरून, काठ्यांच्या मधून वळणं घेत खाली येत होत्या. एक खाली आली की दुसरी निघायची. कोपऱ्यात आकडे पळत होते. बोलणं सगळं इंग्रजीत.

"हे काय होय वं?" शेजारची कांताबाई म्हणाली. "एकटीच पयते. शर्यत कोनासंगं हाय तिची?"

तेव्हा उंबऱ्यात बसलेले धावजीकाका उठून माझ्याजवळ आले. आमच्याकडे शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. एकेक जोडी दाणीवरून, म्हणजे पळण्यासाठी आखलेल्या पट्ट्यावरून, सुटते आणि टोकाला बसलेला माणूस घड्याळावर वेळ धरतो. सर्वांत कमी वेळ ज्या जोडीचा, ती पहिली. धावजीकाकांनी वीस वर्षं पटात ती घडी धरली होती. आता आसपासचे पट बंद पडले होते, पण घडी त्यांच्या खिशात असायची.

"घड्यायासंगं शर्यत हाय," ते म्हणाले. "पटच हाय हा. बैल नाईत, एवढंच."

आणि खरंच, मित्रांनो, त्या क्षणापासून सगळ्यांना सगळं समजायला लागलं. काठी चुकली की धावजीकाका म्हणायचे, "दान सोडली. बाद." आकडा हिरवा झाला की पुढे आहे, लाल झाला की मागे, हे सोनूने शोधलं. जमनी काचेसमोरून हलत नव्हती. लहानपणी तिने बापाची बैलगाडी हाकली होती, पण पटाच्या दाणीवर बाईला कोणी उभं करत नसे. ती लांबून, बांधावरून पाहायची. इथे सगळ्या बायाच पळत होत्या.

तिला त्यातली एक आवडली. डोक्यावरच्या टोपाचा रंग लाल, पाठीवर आकडा सत्तावीस. नाव इंग्रजीत यायचं आणि कोणाला वाचता येण्याआधीच जायचं. सगळे तिला लालटोपी म्हणू लागले.

पहिल्याच वेळी मोठी फसगत झाली. लालटोपी सगळ्यांत कमी वेळात खाली आली. शेवटची बाई उतरून झाली. पटात एकदा वेळ नोंदला की निकाल लागला, म्हणून बायांनी गुलाल आणला, जमनीला लावला, मलाही लावला. माझ्या मागच्या जाळीतून तो आत गेला आणि मी चार दिवस शिंकल्यासारखा खरखरत होतो. संध्याकाळी सोनूने सहज मला सुरू केलं, तर पदक भलत्याच बाईच्या गळ्यात.

"पंच फोडला यायनं," धावजीकाका संतापले.

जमनीने दोन दिवस कापूस वेचता वेचता विचार केला. मग म्हणाली, "काका, थ्या दोनदा पयतात. दोन्ही वेळा मिळवून जिचा वेळ कमी, थे जिकते. दुपारी एक दौड, सांजीले दुसरी."

धावजीकाकांनी खिशातली घडी काढून पाहिली. मग म्हणाले, "म्हनजे एकदा जिकून भागत नाई. हे पटाहून कठीन हाय, पोरी."

पुढचा बाजार आला तेव्हा तांड्याची डीपी, म्हणजे वीज देणारं रोहित्र, जळून दोन दिवस झाले होते. वीज नव्हती. हरिसिंगने शब्बीरकडून गाडीची एक बॅटरी भरून सायकलच्या कॅरिअरवर आणली.

शब्बीरने निरोप दिला होता, "जमनीबाईला सांग, तीन घंटे चलेगी. गाने-बिने पाहू नका. खेलच पहा."

दुपारी पहिली दौड झाली. धावजीकाकांनी आपली घडी दाबली. लालटोपी बावन्न सेकंदांत खाली आली आणि पहिली ठरली. कांताबाईने चिमूटभर गुलाल जमनीच्या कानाजवळ लावलाच.

"आता नाई वं, दुसरी राह्यली," जमनी म्हणाली, पण हसत होती. तिने मला लगेच बंद केलं. बॅटरी संध्याकाळसाठी राखायची होती.

साडेपाचला मला सुरू केलं. दुसऱ्या दौडीत पहिली आलेली बाई सगळ्यांत शेवटी उतरते. म्हणजे लालटोपी शेवटी. बाकीच्या उतरत होत्या. तेवढ्यात दारात एक पांढरी जीप थांबली. घनश्याम उतरला. गावातला पुढारपण करणारा माणूस. त्याच्यामागे शहरातले दोघे, एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात माईक.

"जमनीबाई, साहेबायले तुहा फोटू घ्याचा हाय," घनश्याम म्हणाला.

माईकवाल्याने आधी मला पाहिलं. "हे काय चाललंय? हे बंद करा. असं दिसलं तर कोण विश्वास ठेवेल?"

"कायच्यावर इश्वास?" जमनीने विचारलं.

"तुमच्या दुःखावर, ताई. हातात थोडा कापूस घ्या आणि खाली बघा. बोलायचं काहीच नाही."

"माहा नवरा जित्ता हाय, साहेब. बाहेर सायकल पुसून राह्यला."

"ते आम्ही सांगणारच नाही ना."

जमनी उठली नाही. मग घनश्याम तिच्याजवळ वाकला. "टीव्हीवर दिसली तं डीपी आठ दिवसांत येईन. तांड्याची लेकरं अंधारात बसून राह्यली. तू खेय पाहून राह्यली?"

तेवढं ऐकून ती उठली. "पाच मिन्टं," ती म्हणाली. "शेवटची उतराच्या आधी सोडा मले."

"पाच मिनिटं," माईकवाला म्हणाला.

त्यांच्या दिव्यात वीज उरली नव्हती. त्यांनी माझी तार काढली आणि बॅटरीला आपला दिवा लावला. मित्रांनो, मी काळा पडलो. पण ऐकू येत होतं. जमनीला पदर खाली घ्यायला सांगितला. मग वर घ्यायला सांगितला. चुलीपाशी बसवलं. चूल पेटलेली होती, ती विझवायला लावली. सोनूला रडता येतं का, असं विचारलं.

"हिले कायले रडवता?" धावजीकाका म्हणाले. "रडाचंच असन तं घनश्यामले सांगा, त्याले येते."

दिवा पाऊण तास जळला. ते गेले तेव्हा जमनीने धावत येऊन माझी तार जोडली. काचेवर एक ठिपका आला, मोठा झाला, आणि विझला. बॅटरी संपली होती.

चार दिवसांनी शब्बीरने दुसरी बॅटरी पाठवली, आणि ती बातमी माझ्याच काचेवर आली. मला आजही त्याचा राग येतो. माणूस नको ते बोलायला नकार देऊ शकतो. मला जे येईल ते दाखवावंच लागतं. या घरात दोन दिवस चूल पेटलेली नाही, असं तो आवाज म्हणाला, आणि मी ते तिच्याच घरात म्हणालो. जमनी बघत राहिली. चित्रातल्या तिच्या कानाजवळचा गुलाल तेवढा पुसायचा राहून गेला होता. एवढी एकच खरी गोष्ट त्या बातमीत होती.

लालटोपी जिंकली की हरली, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पेपरात क्रिकेट होतं. शब्बीरने चार जणांना विचारलं, पण नाव माहीत नसलेल्या बाईबद्दल कोणाला काय विचारणार?

डीपी दिवाळीला आली. घनश्याम पंचायत समितीवर निवडून आला. तो माईकवाला पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. शब्बीर आता थकला, मुलाच्या, तारिकच्या, मोबाइलच्या दुकानात खुर्ची टाकून बसतो. कांताबाई लेकाकडे राळेगावला गेली. हरिसिंग त्याच जिनिंगवर चौकीदार आहे. सोनू एसटीत कंडक्टर झाली, तिला एक पोरगी आहे. धावजीकाका २०११ साली गेले. जाण्याआधी त्यांनी घडी जमनीला दिली.

मी कोपऱ्यात आहे. माझ्यावर दळणाचा डबा ठेवतात. त्याचं मला दुःख नाही, जुन्या वस्तूंच्या नशिबी ते असतंच. पण मित्रांनो, कोणी गरीब माणूस आनंदाने काही बघत बसला असेल, तर त्याला उठवू नका. त्याचं दुःख जगाला दाखवण्यासाठी तर मुळीच उठवू नका. त्याचा आनंदही त्याचाच असतो, आणि त्याने तो मोठ्या कष्टाने समजून घेतलेला असतो.

ती घडी माझ्या वरच्या खिळ्याला लटकते. काटा बावन्नवर थांबलेला आहे. परवा सोनूच्या पोरीने डब्यावर चढून तिचं बटण दाबायला हात घातला. चुलीपाशी बसलेली जमनी तिथूनच ओरडली.

"हात नको लावू घडीले. तिची दुसरी दौड राह्यली."